मातीतलं झिंक एएएसवर मोजायचंय? मग आधी बाटल्या धुवायला घ्या

लॅबमध्ये नवीन आलेलं पोरगं असो की पोरगी, पहिल्या दिवशी सरळ एएएसपाशी (ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून धातू मोजणारं मशीन) जाऊन उभं राहतं. साहजिक आहे, निळी ज्योत, कॉम्प्युटरवर सरकणारे आकडे, महागडं मशीन, सगळी मजा तिथेच दिसते. पण इतकी वर्षं माती परीक्षणात काढल्यावर सांगते, झिंकचा आकडा चुकला की मशीनवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, कारण मशीन बिचारं नळीतून जे आत गेलं तेच मोजतं आणि घोळ झालेला असतो त्याच्या खूप आधी, बाटलीत, बुचात, चाळणीत नाहीतर शेतातच. म्हणून या लेखात मशीन चालू व्हायला बराच वेळ लागणार आहे, धीर धरा.

उदाहरण झिंकचंच घेते, म्हणजे आपलं जस्त. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींत त्याची कमतरता नेहमी सापडते, आणि प्रदूषण होऊन आकडा फुगायची भीती पण यातच सगळ्यात जास्त. झिंक जमलं की कॉपर, आयर्न, मँगनीज त्याच अर्कातून (मातीत द्रावण घालून, हलवून, गाळून मिळतं ते) निघतात, फक्त लॅम्प बदलायचा.

मशीन करतं काय, थोडक्यात

वरण उतू जाऊन बर्नरवर सांडलं की गॅसची निळी ज्योत पिवळी होते बघा, ते मिठातलं सोडियम. तापलेला अणू आपल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश सोडतो. एएएसमध्ये याच्या उलटं असतं, अणू जो प्रकाश सोडू शकतो नेमका तोच तो शोषूनही घेतो, मग झिंकचाच लॅम्प लावायचा, त्याचा २१३.९ नॅनोमीटरचा प्रकाश ज्योतीतून पाठवायचा आणि पलीकडे किती कमी पोचला ते बघायचं. जितकं झिंक जास्त तितका प्रकाश कमी. ऑस्ट्रेलियातल्या ॲलन वॉल्श यांना हे १९५२ मध्ये घरच्या बागेत काम करताना सुचलं आणि १९५५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. कॉपरला ३२४.८, आयर्नला २४८.३ आणि मँगनीजला २७९.५ नॅनोमीटर, एवढं पाठ करून टाका, सारखं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे नंतर कुणी विचारणार नाही. बोरॉन या ज्योतीवर होत नाही, त्याचा गरम पाण्याचा अर्क काढून रंग आणून वेगळं मोजतात. आणि कुणी पिण्याच्या पाण्यातलं लेड बघायला बाटली घेऊन आलं तर ज्योतीवर लावू नका, भारतीय मानकात लेडची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, एवढं कमी ज्योतीला दिसतच नाही, त्याला ज्योतीऐवजी ग्रॅफाइटची तापणारी नळी, म्हणजे ग्रॅफाइट फर्नेस लागते. ज्योतीवर "आढळले नाही" असं लिहून दिलं तर तो रिपोर्ट खोटा नाही पण उपयोगाचाही नाही.

नमुना

शेतात नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे २० सेंटीमीटरपर्यंत खड्डे घ्यायचे, बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याजवळ, विहिरीच्या कडेला घ्यायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. झिंकसाठी यात दोन गोष्टी वाढतात. पत्र्याचं घमेलं नको, त्यावर जस्ताचाच मुलामा असतो, प्लास्टिकचं घ्या. आणि खुरपी लोखंडी असेल तर तिचं पातं जिथे लागलं तो थर लाकडी पट्टीने खरवडून टाकायचा आणि मग आतली माती घ्यायची. शेतकरी नमुना कशात घेऊन आलाय ते पण विचारा, खताच्या रिकाम्या गोणीतून आलेला नमुना मी घेतच नाही, राग आला तरी चालेल, परत आणायला सांगते.

लॅबमध्ये माती सावलीत वाळवा, ओव्हनमध्ये नको. ढेकळं लाकडी मोगरीने फोडा आणि २ मिलिमीटरच्या नायलॉन चाळणीने चाळा. पितळेची चाळणी दिसायला छान, पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच की. आणि फार बारीक कुटत बसू नका, माती जितकी बारीक तितकं आयर्न जास्त सुटतं, मग आकडा शेतातल्या मातीचा नाही, तुमच्या कुटण्याचा येतो.

बाटल्या, आणि माझी फजिती

आता मुद्द्यावर आले. मी शिकाऊ होते तेव्हा एका लॅबमध्ये आमच्या एका बॅचचे सगळे नमुने झिंकला भरपूर निघाले. त्यातले दोन प्लॉट असे होते की मक्याच्या पानांवर पांढरट पट्टे, म्हणजे झिंक कमी असल्याची खूण, लांबूनसुद्धा दिसत होते. मशीनला शिव्या दिल्या, लॅम्प बदलून बघितला, स्टँडर्ड (झिंक किती आहे ते आधीच माहीत असलेली द्रावणं) परत केले, दोन दिवस गेले. शेवटी एका सिनियर मॅडमनी विचारलं, ब्लँक किती आलाय? आम्ही ब्लँक लावलाच नव्हता. लावल्यावर कळलं, माती न घालता नुसतं द्रावण हलवलं तरी झिंक येत होतं. बाटल्यांना नवीन रबरी बुचं आणली होती, आणि रबर पक्कं करताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात. मातीतलं झिंक बाहेर काढायला आम्ही वापरतो ते डीटीपीए नावाचं रसायन धातू ओढून घेण्यासाठीच असतं, त्याने दोन तास बुचातून मन लावून झिंक ओढलं होतं.

तेव्हापासून माझे नियम असे, बाटल्या प्लास्टिकच्या आणि झाकणं पण प्लास्टिकची, रबर कुठेच नाही. पावडरवाले हातमोजे नकोत. सगळी भांडी १० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेवायची (पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही, हे दरवर्षी कुणीतरी विसरतंच), सकाळी डबल डिस्टिल्ड पाण्याने तीनदा विसळायची आणि झाकून वाळवायची, उघड्यावर नाही, खिडकीतून येणाऱ्या धुळीत पण झिंक असतं. नळाच्या पाण्याने शेवटचं विसळलंत तर आधीचं सगळं वाया.

डीटीपीए द्रावण

ही पद्धत लिंडसे आणि नॉर्वेल यांची, १९७८ची. एक लिटरला लागतं डीटीपीए १.९६७ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १.४७ ग्रॅम आणि ट्रायइथेनॉलअमाइन म्हणजे टीईए १४.९२ ग्रॅम. टीईए मधासारखं घट्ट असतं, पिपेटने घ्यायला गेलात तर अर्धं पिपेटला चिकटून राहतं, सरळ बीकरमध्ये वजन करून घ्या.

नवीन माणूस इथे हमखास अडकतो, कारण डीटीपीए साध्या पाण्यात लवकर विरघळत नाही. आधी टीईए साधारण २०० मिली पाण्यात मिसळा, त्यात डीटीपीए टाका आणि ढवळत ठेवा, घाई नको, तळाशी पांढरं दिसतंय तोवर पुढे जायचं नाही. मग कॅल्शियम क्लोराइड, मग पाणी घालून ९०० मिलीपर्यंत आणा, हायड्रोक्लोरिक ॲसिडने पीएच ७.३० करा, फार तर ०.०५ इकडेतिकडे, आणि मग लिटर पूर्ण करा. पीएच मीटर त्याच दिवशी बफरने लावलेलं असू द्या.

पीएचचा एवढा हट्ट का, तर हे द्रावण चुनखडीच्या जमिनी डोळ्यापुढे ठेवूनच बनवलंय. टीईए पीएच धरून ठेवतं आणि कॅल्शियम आधीच द्रावणात असल्यामुळे मातीतला चुना विरघळत नाही, नाहीतर चुन्यात अडकलेलं झिंक पण बाहेर येईल, जे पिकाला मुळात मिळणारच नाही. म्हणून आपल्या काळ्या जमिनींना ही पद्धत चपखल बसते. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीचा आकडा मात्र जरा जपून वाचायचा.

हलवणं आणि गाळणं

१० ग्रॅम माती, २० मिली द्रावण, शेकरवर बरोबर २ तास, मिनिटाला साधारण १२० हेलकावे, तापमान २५ अंशांच्या आसपास. यातल्या "बरोबर" या शब्दाकडे लक्ष द्या. दोन तासांत सगळं झिंक सुटून संपतं असं नाही, अजून तासभर हलवलं तर अजून सुटेल, म्हणजे हा आकडा त्या वेळेला, वेगाला आणि तापमानाला बांधलेला आहे. जेवायला गेलो आणि शेकर अडीच तास चालला, असं झालं तर ती बॅच परत करायची. आणि मे महिन्यात पंख्याखाली काढलेला अर्क आणि डिसेंबरमध्ये काढलेला अर्क सारखा येत नाही, एसी साहेबांच्या केबिनपेक्षा इथे जास्त गरजेचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हॉटमन ४२ नंबरच्या कागदातून गाळा, पहिले थोडे थेंब फेकून द्या. गढूळ आला तर परत गाळा, मातीचा कण नेब्युलायझरमध्ये (मशीनचा द्रावणाचा फवारा करणारा भाग) गेला की अर्धा दिवस गेला.

प्रत्येक बॅचमध्ये दोन बाटल्या मातीशिवाय लावा, म्हणजे तेच द्रावण, तशीच बाटली, तोच शेकर, तोच कागद. हा प्रोसेस ब्लँक. मशीन झिरो करायला जे ताजं डीटीपीए द्रावण वापरतो ते वेगळं. दोन्ही एकच समजून एकच लावणारे खूप भेटतात, पण नुसतं ताजं द्रावण बाटलीतलं आणि कागदातलं झिंक कसं दाखवणार?

स्टँडर्ड

विकतच्या १००० पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) स्टॉकमधून १० मिली घेऊन १०० मिली केलं की १०० पीपीएम, त्यातलं १० मिली परत १०० केलं की १० पीपीएम. या १० पीपीएममधून २, ४, ६, ८ आणि १० मिली वेगवेगळ्या १०० मिली फ्लास्कमध्ये घ्या, म्हणजे ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि १.० पीपीएम. हे शेवटचे फ्लास्क डीटीपीए द्रावणानेच भरायचे, पाण्याने नाही. अर्क डीटीपीएमध्ये आणि स्टँडर्ड पाण्यात असं केलं तर दोन्ही नळीतून सारख्या वेगाने चढत नाहीत, फवारा सारखा होत नाही, आणि तुलना बिघडते. कमी पीपीएमचे स्टँडर्ड रोज ताजे करा, महिन्याभरापूर्वीचे फ्रिजमधून काढून वापरणं सोडा.

आता मशीन

लॅम्प लावून पंधरा मिनिटं तापू द्या, करंट लॅम्पवर छापलेल्या कमाल आकड्याच्या खालीच ठेवायचा. झिंकची लाइन खूप खालच्या अतिनील भागात आहे, तिथे ज्योतीतल्या क्षारांमुळे आणि न जळलेल्या कणांमुळे पण प्रकाश अडतो, म्हणून ड्युटेरियम लॅम्पवालं बॅकग्राउंड करेक्शन चालू ठेवा.

गॅसबद्दल मात्र मी कडक आहे. आधी एक्झॉस्ट चालू. मग कॉम्प्रेसर, त्याचं साठलेलं पाणी काढून टाका, पावसाळ्यात तर रोजच. ड्रेनच्या नळीच्या वळणात पाणी भरलेलं आहे ना ते डोळ्यांनी बघा, ते पाणी नसेल तर ज्योत उलटी आत शिरू शकते. ॲसिटिलीन सिलिंडर उभाच ठेवायचा, लाइनचा दाब चौरस सेंटीमीटरला १ किलोच्या वर कधीच नाही, आणि सिलिंडरचा दाब ७ किलोच्या आसपास आला की बदलून टाका. शेवटचा गॅस वाचवायचा मोह होतो, पण आत ॲसिटोनमध्ये विरघळवलेला गॅस असतो, दाब उतरला की ॲसिटोन पण बाहेर यायला लागतो, ज्योत नाचते आणि आतले रबरी वॉशर खराब होतात. ॲसिटिलीनच्या लाइनला तांब्याची नळी कुणी सुचवली तर त्याला हात जोडा, तांब्याबरोबर होणारा ॲसिटिलाइड स्फोटक असतो.

पेटवताना आधी हवा, मग ॲसिटिलीन. विझवताना आधी ॲसिटिलीन, मग हवा. नवीन मशीन हे आपोआप करतं, तरी क्रम डोक्यात असू द्या. ज्योत निळी, पातळ ठेवायची, साधारण २३०० अंश असते. चष्मा लावा, केस बांधा, आणि ज्योत चालू असताना चहाला जायचं नाही.

आता नळीतून मिनिटाला किती पाणी चढतंय ते बघा. मेजरिंग सिलिंडरमध्ये १० मिली पाणी घ्या, नळी बुडवा, दोन मिनिटांत संपलं तर मिनिटाला ५ मिली, ठीक आहे. चार मिनिटं लागली तर नेब्युलायझर चोंदलाय, ज्योत विझवून मगच बारीक तारेने साफ करा. जे चढतं त्यातलं अगदी थोडंच ज्योतीपर्यंत पोचतं, बाकी ड्रेनमध्ये जातं, त्यामुळे एवढंसं चोंदलं तरी आकडा लगेच पडतो. मग १ पीपीएम स्टँडर्ड लावून बर्नर वर-खाली, पुढे-मागे करत जिथे रीडिंग सगळ्यात जास्त येतं तिथे थांबा, आणि ते रीडिंग कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी आणि तुमच्याच कालच्या आकड्याशी ताडून बघा. कालचा आकडा वहीत लिहिलेला नसेल तर आजपासून लिहा.

झिरो, मग स्टँडर्ड कमीकडून जास्तीकडे. रेषा सरळ आली पाहिजे, आर स्क्वेअर (पॉइंट रेषेवर किती नीट बसले त्याचा आकडा, १ म्हणजे अगदी अचूक) ०.९९५च्या वर. वरचा पॉइंट वाकतोय असं दिसलं तर तो ओढूनताणून बसवू नका, झिंकची सरळ रेषा १ पीपीएमच्या आसपास संपतेच. नंतर ब्लँक, नंतर नमुने, प्रत्येकाला नळी बुडवल्यावर काही सेकंद थांबून तीन रीडिंग, आणि दोन नमुन्यांमध्ये पाणी ओढू द्या. दर दहा नमुन्यांनी ०.६चा स्टँडर्ड परत लावायचा, तो ५ टक्क्यांपेक्षा जास्त हलला तर मधले दहाच्या दहा परत.

मँगनीज आणि आयर्न बहुतेक वेळा रेंजच्या बाहेर जातात, तेव्हा अर्क डीटीपीएनेच पातळ करायचा. किंवा बर्नरचं डोकं थोडं तिरकं फिरवा, ज्योतीतला प्रकाशाचा रस्ता कमी होतो आणि मोठे आकडे रेषेत येतात, फक्त फिरवल्यावर स्टँडर्ड परत लावायला विसरू नका.

हिशोब

१० ग्रॅमला २० मिली, म्हणजे दुप्पट. नमुन्याचं रीडिंग ०.३१ पीपीएम आलं आणि प्रोसेस ब्लँक ०.०२, तर ०.३१ वजा ०.०२ म्हणजे ०.२९, गुणिले २, मातीत ०.५८ पीपीएम. पातळ केलं असेल तर तितक्या पटीने अजून गुणा.

आता गंमत बघा. झिंकची सीमा ०.६ पीपीएम धरतात (कॉपर ०.२, मँगनीज २, आयर्न ४.५). ब्लँक वजा केला तर ०.५८, म्हणजे कमी, झिंक सल्फेट टाका. वजा करायला विसरलात तर ०.६२, म्हणजे पुरेसं, काही टाकू नका. एवढ्याशा ०.०२ने शेतकऱ्याला दिलेला सल्ला उलटा झाला, आणि तो ०.०२ मशीनमधून आलेलाच नाही, कागदातून नाहीतर बाटलीतून आलाय. म्हणून सीमेच्या इतक्या जवळचा नमुना मी नेहमी दुसऱ्यांदा काढते, अर्कापासून, नुसतं रीडिंग परत घेऊन नाही.

शंका आली तर रिकव्हरी करून बघा, म्हणजे माहीत असलेलं झिंक मुद्दाम घालायचं आणि ते पूर्ण दिसतं का ते बघायचं. १० मिलीच्या फ्लास्कमध्ये १० पीपीएमचं ०.२ मिली टाका आणि वर त्याच नमुन्याच्या अर्काने भरा. ०.३१ अधिक ०.२, थोडं पातळ झाल्याचं धरून ०.५० यायला पाहिजे. ०.४० आलं तर अर्कात काहीतरी आहे जे झिंक लपवतंय, किंवा तुमचं पिपेट बरोबर नाही. आधी पिपेट तपासा.

बंद करताना

शेवटचा नमुना झाला की लगेच विझवू नका, पाच-दहा मिनिटं नुसतं डिस्टिल्ड पाणी ओढू द्या. डीटीपीए द्रावणातले क्षार बर्नरच्या फटीत साठतात, मग ज्योतीला दातऱ्या पडल्यासारख्या फटी दिसतात. तशा दिसल्या तर गॅस बंद करून बर्नर पूर्ण गार होऊ द्या आणि जुन्या व्हिजिटिंग कार्डाने फट साफ करा, ब्लेड घालू नका, फटीला चरा पडला की ज्योत कायमची वाकडी. सिलिंडरचा मेन व्हॉल्व्ह बंद करा, लाइनमधला उरलेला गॅस जाळून टाका, कॉम्प्रेसर बंद करून त्याचं पाणी काढा, लॅम्पचे तास वहीत लिहा.

रिपोर्टवर दोन दशांशांपर्यंतच लिहा, ०.५८३७ वगैरे कॉम्प्युटर दाखवतो म्हणून उतरवू नका, आपली चाळणीच तेवढी अचूक नसते. आणि उरलेली माती लेबल लावून निदान तीन महिने ठेवा, कारण शेतकरी परत येतो, कधी भांडायला, कधी शेजाऱ्याचा रिपोर्ट हातात घेऊन, तेव्हा पुढ्यात तीच माती असली की त्याच्यासमोरच परत लावता येते.